तबकडीचा वेग कुणी ठरवायचा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला थांबवून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी काही तंत्रज्ञ नाही. पण आयुष्यभर वर्गात एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आलो : 'हे बरोबर आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?' टर्नटेबलच्या वेगाचा इतिहास म्हणजे हाच प्रश्न आहे, फक्त तो लोखंड, रबर आणि तांब्याच्या तारेत विचारलेला आहे. म्हणून आज तासभर तो इतिहास बघू. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलला इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण का जोडावं लागलं, त्याने काय सुटलं आणि काय सुटलं नाही, एवढंच आजचं प्रमेय.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. पुस्तक कुणी सावकाश वाचलं, कुणी भरभर वाचलं, तरी मजकूर तोच राहतो. तबकडीचं तसं नाही. तबकडीच्या खाचेत फक्त नागमोडी रेघ असते. ती रेघ किती वेळात वाचायची, हे त्या रेघेत कुठेही लिहिलेलं नसतं. वेळ पुरवायचं काम यंत्राचं. थाळी दुप्पट वेगाने फिरली तर गाणं निम्म्या वेळात संपेल आणि एक सप्तक वर जाईल. सुमारे सहा टक्के वेग वाढला, तर पेटीवरची एक पट्टी चढेल : पांढरी एकमध्ये गायलेलं काळी एकमध्ये ऐकू येईल. तीन टक्के फरक पडला, तर सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत राहील.

आता इथे एक गंमत आहे. वेग बदलला तरी स्वरांची एकमेकांशी असलेली गुणोत्तरं बदलत नाहीत. षड्ज जितका सरकला तितकाच गंधारही सरकतो. त्यामुळे यमन हा यमनच राहतो. बदलते ती गवयाची पट्टी, बदलते लय, आणि बदलतो आवाजाचा पोत. चढ्या वेगात भारदस्त गळा पातळ होतो, संथ तान चपळ वाटू लागते. म्हणजे चुकीच्या वेगात राग वाचतो आणि माणूस बदलतो. जुन्या गवयांचं गाणं आपल्यापैकी कुणीच समोर बसून ऐकलेलं नाही. त्यांची ओळख आपल्याला तबकडीवरूनच झाली. तेव्हा ही ओळख खरी की खोटी, हा प्रश्न हौशी लोकांचा छंद म्हणून सोडून देता येत नाही.

हे झालं सरासरी वेगाबद्दल. दुसरी अडचण वेगाच्या डळमळण्याची. थाळी एकाच फेऱ्यात कधी किंचित जलद, कधी किंचित सावकाश फिरली, तर स्वर हेलकावतो. भरभर चाललेल्या गाण्यात हे झाकून जातं. पण तानपुरा, सनई, पियानोचा लांबलेला स्वर, इथे ते लगेच उघडं पडतं. तेव्हा दोन शब्द वेगळे ठेवू : एक स्थिरता आणि दुसरा बरोबरपणा. घड्याळ रोज अचूक पाच मिनिटं मागे असेल तर ते स्थिर आहे, पण बरोबर नाही. आजचं सगळं व्याख्यान या दोन शब्दांतल्या फरकावर उभं आहे.

एमिल बर्लिनरने १८८७मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याची सुरुवातीची यंत्रं हाताने फिरवायची होती. म्हणजे वेगाचा निर्णय ऐकणाऱ्याच्या मनगटात. मनगट थकलं की गायक थकला! १८९६च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराने बर्लिनरच्या यंत्राला स्प्रिंगची मोटर करून दिली. आपल्याकडे ज्याला चावीचा फोनो म्हणत, त्याचा जीव म्हणजे ही मोटर.

पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की चावी भरलेली असताना जोर जास्त, उतरताना कमी. म्हणून तिच्यावर एक राखणदार बसवला : गव्हर्नर. एका दांड्यावर पातळ पट्ट्यांना बांधलेली छोटी वजनं असतात. दांडा जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्यावर घासते. घासलं की वेग कमी. तो तुकडा पुढेमागे करायला एक स्क्रू असतो. तोच आपला वेगाचा खटका.

ही कल्पना फोनोच्याही आधीची. जेम्स वॅटने १७८८मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला होता. १८६८मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, हो, तोच विद्युतचुंबकत्वाचा मॅक्सवेल, गव्हर्नर या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने फार सूक्ष्म भेद केला. काही यंत्रं वेग वाढला तर वाढीच्या प्रमाणात विरोध करतात. अशी यंत्रं वेगाला आवरतात, पण जोर वाढला तर थोडा जास्त वेग त्यांना मान्य करावाच लागतो. दुसऱ्या प्रकारची यंत्रं चूक साठवत जातात आणि ती पूर्ण फिटेपर्यंत दुरुस्ती करत राहतात. फोनोचा गव्हर्नर पहिल्या जातीचा. म्हणून चावी अर्धवट दिली की शेवटच्या अंतऱ्याला सूर खाली बसायचा. गव्हर्नर इमानेइतबारे काम करत असूनही बसायचा. मॅक्सवेलचा हा भेद लक्षात ठेवा, तो शंभर वर्षांनी परत भेटणार आहे.

तिकडे रेकॉर्ड कापणाऱ्यांचं काय? त्यांना तर जास्त स्थिरता हवी. कारण कापतानाची चूक प्रत्येक प्रतीत जाणार. म्हणून अनेक स्टुडिओंत कापण्याचं यंत्र जड वजनावर चालायचं. वजन वरून खाली येतं आणि गुरुत्वाकर्षण काही थकत नाही. जोर अगदी सारखा मिळतो. पण स्थिर वेग आणि ठरलेला वेग या पुन्हा दोन गोष्टी. सुरुवातीच्या काळात कंपन्या, शहरं आणि वर्षं यांप्रमाणे वेग बदलत. मिनिटाला सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत सगळं सापडतं. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तो याच काळातला. आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणांचा पहिला मोठा साठा वेगाचं प्रमाणीकरण होण्याआधीचा आहे. समजा, एक तबकडी ७४ फेऱ्यांवर कापली आणि आपण ती ७८वर वाजवली, तर गाणं जवळजवळ एक पट्टी चढतं आणि तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधी संपतं.

मग ७८ हा आकडा आला कुठून? इथे आपली गोष्ट विजेकडे वळते.

१९१६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री वॉरेनने विजेवर चालणारं घड्याळ केलं. त्यात सिंक्रोनस मोटर होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, अमेरिकेत ६० वेळा. ही झाली विजेची वारंवारता, बोलताना आपण जिला फ्रिक्वेन्सी म्हणतो ती. सिंक्रोनस मोटर या आंदोलनांच्या पावलात पाऊल टाकून फिरते. व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी तिचा वेग हलत नाही. फ्रिक्वेन्सी हलली तरच हलतो. वॉरेनच्या लक्षात आलं, की घड्याळ उत्तम आहे, वीजच वेळ पाळत नाही. म्हणून त्याने बॉस्टनच्या वीज कंपनीला एक प्रमाण घड्याळ करून दिलं, त्याच्याकडे बघून जनित्रांचा वेग राखायला सांगितलं. तेव्हापासून विजेच्या तारेतून उजेडाबरोबर वेळही वाहू लागली. सगळ्या शहराला एकच ठोका.

फोनो विजेवर आला तसा त्याने हा सार्वजनिक ठोका स्वीकारला. अमेरिकेत ६० हर्ट्झवर मिनिटाला ३६०० फेरे घेणारी मोटर घेतली, ४६ला एक असे दाते लावले, की ३६०० भागिले ४६ म्हणजे ७८.२६. मानक म्हणून लिहिला गेलेला आकडा असा गिअरच्या दात्यांतून आला. आपल्याकडच्यासारख्या ५० हर्ट्झच्या देशांत नेमका तोच आकडा जमेना. तिथे ७७.९२ धरला गेला. तो आला स्ट्रोबच्या चकतीतून. स्ट्रोब म्हणजे काळ्या रेघा आखलेली गोल चकती. ती थाळीवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली बघायची. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ७७ रेघा असतील आणि त्या जागच्या जागी उभ्या दिसल्या, तर वेग ६००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२. रेघा साडेशहात्तर आखता येत नाहीत. पूर्णांकच हवा. मानकांच्या मागे कधीकधी इतकं साधं कारण असतं.

३३⅓ची कथाही अशीच. १९२६मध्ये व्हायटाफोन या पद्धतीने बोलपटांचा आवाज तबकडीवर घेतला जाऊ लागला. १००० फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. तेवढा आवाज १६ इंची तबकडीत मावायला हवा, म्हणून वेग उतरवून ३३⅓ केला. पुढे १९४८मध्ये कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली ती याच वेगाची, आणि १९४९मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ची. नशिबाने ३३⅓ हा आकडा दोन्ही विजांना सोयीचा निघाला : ५० हर्ट्झवर १८० रेघा, ६०वर २१६. हिशेब अगदी पुरा बसतो.

लाँग प्लेने नवीन अडचण आणली. खाच बारीक झाली, पार्श्वभूमी शांत झाली आणि आतापर्यंत खरखरीत बुडालेली मोटरची घरघर ऐकू येऊ लागली. त्या काळच्या चांगल्या यंत्रांत, उदाहरणार्थ इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड ३०१मध्ये, मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबराचं चाक असे. ताकद भरपूर, पण चाकातून मोटरची थरथरही थाळीपर्यंत पोचायची. त्यावर उपाय म्हणजे पट्टा. १९६१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच एडगर व्हिलचर यांच्या एआर कंपनीने एक साधं दिसणारं टर्नटेबल बाजारात आणलं. लहान सिंक्रोनस मोटर, मधे लवचीक रबरी पट्टा, आणि थाळी व सुईचा दांडा एकाच चौकटीवर, तीही स्प्रिंगांवर तरंगती. पट्टा फिरकी पोचवतो, पण थरथर स्वतःत जिरवतो. पुढच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी यंत्रांनी हाच आराखडा घेतला.

पण पट्ट्याने शांतता दिली, वेगाचा निर्णय मात्र विजेकडेच राहिला. मोटरला २४ ध्रुव असतील तर ५० हर्ट्झवर तिचा वेग मिनिटाला २५०. थाळीला हवेत ३३⅓. म्हणजे साडेसातास एक. थाळीखालची चकती १६० मिलिमीटरची असेल, तर मोटरवरची पुली पट्ट्याची जाडी धरून साधारण २१.३ मिलिमीटरची हवी. त्या पुलीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली तर वेगात जवळजवळ अर्धा टक्का फरक. आणि ही चूक कायमची. फिरवून सुधारायला कुठे स्क्रू नाही. चावीच्या फोनोला जो खटका होता, तो या उंची यंत्राने गमावला. ४५ची तबकडी लावायची तर थाळी उचला, पट्टा दुसऱ्या पुलीवर चढवा, ही कसरत वेगळीच.

आणि आता आपण मुख्य मुद्द्याशी आलो. स्वित्झर्लंडमध्ये १८८३मध्ये म्युझिक बॉक्स बनवण्यापासून सुरुवात केलेल्या थोरेन्स कंपनीने १९६८मध्ये टीडी १२५ हे यंत्र आणलं. मोटर सिंक्रोनसच, पट्टाही तोच. पण मोटरला घरातली वीज सरळ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आत ट्रान्झिस्टरचा एक आंदोलक ठेवला. तो स्वतःची लहानशी लाट तयार करतो, त्याच्यामागचा अँप्लिफायर ती मोठी करतो आणि मोटर त्या लाटेवर चालते. खटका फिरवला की लाटेची वारंवारता बदलते आणि त्याबरोबर थाळीचा वेग. पट्टा हलवायची गरज नाही, बारीक फेरफारही करता येतो. हरवलेला स्क्रू परत आला, आता विजेच्या रूपात.

यातलं गणित बघा, सोपं आहे. ४५ला ३३⅓ने भागलं की १.३५ येतात. म्हणजे पुली ३३⅓ची तशीच ठेवून मोटरला ५०ऐवजी ६७.५ हर्ट्झ दिले, की थाळी ४५वर फिरते. बस्स.

पुढे ग्लासगोच्या लिन कंपनीने आपल्या एलपी१२ या पट्ट्याच्या टर्नटेबलसाठी १९८२मध्ये व्हल्हाला नावाचा बोर्ड आणला. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक होता, मनगटी घड्याळात असतो तसा. त्याच्या फार वेगवान आंदोलनांना भागत भागत ५० हर्ट्झपर्यंत आणायचं. १९९०मध्ये लिंगो आलं. ती वेगळ्या डब्यातली वीज होती. आणि जुनं यंत्र फेकून न देता त्याला हे जोडता येई, हे महत्त्वाचं. 'जोडणं' ही कल्पना इथे रुजली. आज जगभर हौशी लोक तेच करतात. एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने शुद्ध लाट काढायची, साध्या ऑडिओ अँप्लिफायरने वाढवायची, ट्रान्सफॉर्मर उलटा लावून तिला मोटरच्या व्होल्टेजला न्यायचं. मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एरवी पंख्याला असतो तसा कंडेन्सर लावून दुसऱ्या गुंडाळीची लाट पाव फेरा मागेपुढे केली जाते. कंडेन्सर जुना झाला की हे अंतर बिघडतं आणि मोटर थरथरते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत दोन्ही लाटा स्वतंत्र काढून ते अंतर नेमकं राखता येतं. शिवाय सुरुवातीला पूर्ण व्होल्टेज द्यायचं आणि थाळीने वेग घेतला की उतरवायचं. मोटर अधिकच शांत होते. फक्त हे काम २३० व्होल्टच्या विजेशी आहे, तेव्हा हौस असली तरी जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.

तुम्ही म्हणाल, युरोपात हे चोचले ठीक, आपल्याला काय? उलट आहे. तिथे वीज मुळातच बरीच स्थिर होती. खरी गरज आपल्याकडे होती.

ग्रिडमध्ये मागणी निर्मितीपेक्षा वाढली की सगळी जनित्रं दमतात आणि फ्रिक्वेन्सी उतरते. १९९०च्या दशकात देशात एक ग्रिड नव्हता, प्रादेशिक ग्रिड होते. तुटवड्याच्या भागात फ्रिक्वेन्सी ४८.५च्या खाली जायची, तर पूर्वेकडे वीज शिल्लक असताना ५१च्या वर. ५०ऐवजी ४८.५ म्हणजे तीन टक्के कमी. आपल्या हिशेबात पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध. म्हणजे संध्याकाळी साडेसात वाजता, गावभर दिवे लागलेले असताना, पट्ट्याच्या टर्नटेबलवर लावलेली तबकडी तीन टक्के उतरू शके, आणि तीच तबकडी पहाटे चढू शके. पंपांचा आणि कारखान्यांचा भार किती, यावर गवयाची पट्टी ठरत होती!

आता स्ट्रोब आठवा. तुम्ही वेग तपासायला चकती ठेवता. दिवा त्याच विजेवर लुकलुकतो जिच्यावर मोटर चालते. मोटर तीन टक्के मागे, दिवाही तीन टक्के मागे. रेघा अगदी स्तब्ध उभ्या! यंत्र सांगतं, सर्व काही ठीक आहे. विट्गेनश्टाइनने अशा माणसाची कल्पना केली आहे, जो वर्तमानपत्रातली बातमी खरी की खोटी हे ठरवायला त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घेतो. विजेवर चालणाऱ्या मोटरला विजेच्याच दिव्याने तपासणं हे हुबेहूब तेच.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतली. अमेरिकेत राहिलेली मंडळी परत येताना टर्नटेबल घेऊन येतात. इथे व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावतात आणि वाटतं, काम झालं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६०साठी केलेली सिंक्रोनस मोटर ५०वर चालली तर ३३⅓चे २७.८ होतात. गाणं तीन पट्ट्या खाली. पुली बदलायची, नाहीतर स्वतःची ६० हर्ट्झ तयार करणारा इलेक्ट्रॉनिक डबा लावायचा, दोनच मार्ग.

आपल्या ग्रिडची पुढची कथाही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १ जुलै २००२पासून पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्रासह, विजेच्या हिशेबाची नवी पद्धत आली. फ्रिक्वेन्सी घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला महाग दर. शिस्त पैशाने आली. मग ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाला जोडला गेला. सगळा देश एका ठोक्यावर आला. पुढे फ्रिक्वेन्सीची अपेक्षित मर्यादा ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद झाली. ४९.९ म्हणजे ०.२ टक्के फरक. तो कानाला कळणं कठीण. म्हणजे ज्या काळात आपल्याला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची निकड होती तेव्हा ते थोड्यांनाच परवडत होतं, आणि आता ते स्वस्त झालं तेव्हा वीजच सुधारली. इतिहासाची ही जुनी खोड आहे.

मग आता तो डबा निरुपयोगी झाला का? नाही. पुलीची चूक, पट्ट्याचं सैल होणं, थंडीत घट्ट झालेलं वंगण, हे सगळं आहेच. इथे एक तात्त्विक पेच उभा राहतो. स्फटिकावर चालणारा साधा डबा मोटरला अचूक लाट देतो, पण थाळी खरोखर किती फिरली हे तो बघतच नाही. म्हणून पुढची पायरी अशी, की थाळीखाली एक लहान चुंबक लावायचं, शेजारी संवेदक ठेवायचा, आणि प्रत्येक फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद लागले का हे मोजून लाट दुरुस्त करत राहायचं. चूक शून्य होईपर्यंत दुरुस्ती करणारी मॅक्सवेलची दुसरी जात ती हीच. पण पट्टा रबराचा आहे. दुरुस्ती घाईने केली तर पट्टा ताणतो, सैलावतो, आणि थाळी पुढेमागे झुलू लागते. म्हणून दुरुस्ती संथ, थोडी थोडी करावी लागते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७०मध्ये टेक्निक्स एसपी-१० आणून पट्टाच काढून टाकला आणि थाळी सरळ मोटरवर बसवली. तिथे दुरुस्ती चटकन होते, पण मोटर पुन्हा सुईच्या जवळ येते. म्हणजे एका बाजूला शांतता, दुसऱ्या बाजूला पकड. दोन्ही पूर्णपणे हवं तर किंमत मोजावी लागते.

आपल्या परंपरेत हा वाद जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाहेरून शिक्का लागत नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य दुसऱ्या कशानेतरी ठरतं. न बघता लाट देणारा डबा मीमांसकांच्या जवळचा, संवेदक लावणारा नैयायिकांच्या. आणि नैयायिकांना विचारलेला प्रश्न इथेही येतो : संवेदकाचं घड्याळ बरोबर कशावरून? त्याला तपासणारं दुसरं घड्याळ, त्याला तिसरं. ही अनवस्था. न्यायाचं उत्तर व्यवहारी आहे : ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की ते ज्ञान खरं. पाणी समजून गेलात आणि तहान भागली, तर ते पाणीच होतं. टर्नटेबलच्या बाबतीत तहान कशी भागते? गाणं खरं लागलं की.

पण इथेच शेवटची गाठ आहे. यंत्र अगदी अचूक ३३⅓वर आहे आणि तरी गाणं चुकीचं आहे, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, झालेलं आहे. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझचा अतिशय गाजलेला अल्बम. १९५९च्या २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश चाललं होतं. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू तीन दशकांहून अधिक काळ सगळ्या जगाने मूळ वादनापेक्षा चढी ऐकली. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या राखीव टेपवरून १९९२मध्ये ती सुधारली गेली. विचार करा, तेव्हा ज्याच्या टर्नटेबलला उत्तमातलं उत्तम क्वार्ट्झ होतं, त्याने चूक सर्वांत अचूकपणे ऐकली.

यावरून मला जे म्हणायचं आहे ते म्हणतो. स्थिरता हा यंत्राचा गुण आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने तो जवळजवळ पुरा साधला. बरोबरपणा मात्र यंत्राच्या आत नसतो. तो कापणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार असतो. आम्ही अमुक वेगाने कापलं, तुम्ही त्याच वेगाने वाजवा. ज्या तबकड्यांचा करार लिहिलेला नाही, तिथे स्फटिक मुका आहे. तिथे पुरावा गोळा करावा लागतो. साथीच्या पेटीचा सूर कुठल्या पट्टीशी जुळतो, त्याच बैठकीच्या दुसऱ्या तबकड्या काय सांगतात, गळा नैसर्गिक वाटतो का, हे बघावं लागतं. आणि म्हणून वेग बारीक बदलणारा तो खटका स्फटिकाइतकाच मोलाचा आहे. स्फटिक तुमचा निर्णय टिकवून धरतो, पण निर्णय तुम्हालाच करावा लागतो.

हे आज का महत्त्वाचं? कारण आत्ता घरोघरी, संग्रहाकांकडे, जुन्या तबकड्या संगणकावर उतरवणं चालू आहे. तबकडी जोवर तबकडी आहे, तोवर वेगाचा प्रश्न खुला असतो. उद्याचा कुणी जाणकार वेगळा वेग लावून बघू शकतो. एकदा फाइल झाली, की उतरवणाऱ्याने लावलेला वेग तिच्यात गोठतो. पुढची पिढी त्यालाच गवयाची पट्टी म्हणेल, त्यावरून प्रबंध लिहील, त्या पट्टीत रियाज करील. फाइल आणखी पसरेल, आणि प्रती खूप आहेत म्हणजे खरंच असणार, असं म्हटलं जाईल. पुन्हा तेच वर्तमानपत्र.

तेव्हा ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. उतरवताना थाळीचा वेग मोजा, विजेच्या दिव्याखाली नको, स्वतंत्र घड्याळाने मोजा. आणि फाइलच्या नावाशेजारी तो आकडा लिहा : इतक्या फेऱ्यांवर उतरवलं, अमुक कारणाने हा वेग निवडला. ओळभर मजकूर आहे. पण ती ओळ असली, तर आपला निर्णय चुकला तरी पुढच्याला तो सुधारता येईल. नसली, तर चूक आणि गवई यांच्यात फरक करायला कुणालाच जागा उरणार नाही.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.